वाटणी करणारा पाहुण्यांत का बसला

एकदा एका डोंगराळ मुलखात एक वृद्ध राहत असे. शिकारीची वाटणी करणे हे त्याचे काम होते. ऐकणाऱ्याला हे काम किरकोळ वाटेल. पण त्या गावाला राजा नव्हता आणि न्यायाधीशही नव्हता. एकतीस घरे होती आणि आठवड्या-पंधरवड्याने मिळणारे एखादे रानडुक्कर होते. त्या एका जनावराचे एकतीस वाटे जो भांडण न होता करील, तोच गावाच्या दृष्टीने शहाणा. त्याला सगळे 'तादो' म्हणत. त्यांच्या बोलीत तादो म्हणजे आजोबा.

तादोच्या हाताखाली इरपा नावाचा एक शिष्य चौदा वर्षे शिकला. शिकायला आला तेव्हा वीस-बावीस वर्षांचा होता. आश्रमशाळेत सातवीपर्यंत गेलेला असल्यामुळे त्याला लिहिता-वाचता येई. तरीही पहिली दोन वर्षे तादोने त्याच्या हातात सुरी दिली नाही. नुसते बघायला लावले. ज्याचा बाण पहिला लागला त्याला मागची मांडी, हाका घालणाऱ्यांना मानेचा भाग, म्हाताऱ्यांना मऊ मांस. काळीज बारीक चिरून सगळ्यांत थोडे थोडे. ज्या घरी बाई गरोदर असेल त्या घराला दोन वाटे, कारण तिथे खाणारे एक तोंड अजून दिसत नसले तरी आहे. आणि वाटणी करणाऱ्याने आपला वाटा सर्वांत शेवटी घ्यायचा, जो उरेल तो. या शेवटच्या नियमामुळे सुरी सरळ चालते, असे तादो म्हणे.

एकदा इरपा कुरकुरला, "तादो, जनावर लहान आणि घरं तेवढीच. कसं करू?"

"तुकडे लहान कर," तादो म्हणाला, "माणसं लहान करू नकोस."

इरपा हे वाक्य कधी विसरला नाही.

त्या गावात आणखी एक रीत होती. शिकारीला जायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरातून एक पान गावातल्या मोहाच्या झाडाखाली ठेवले जाई, वर एक खडा. बहुधा बायकाच पाणी घेऊन येता-येता ठेवून जात. शिकार मिळाली की ज्या घराचे पान, त्या पानावर त्या घराचा वाटा पडे. सकाळी कोणी आपले पान उचलून नेलेले दिसले, तर त्या दिवशी शिकारीला कोणी जात नसे. कारण विचारत नसत. घरात कोणी आजारी असेल, कोणाला रानात पिलांसह मादी दिसली असेल, कोणाला वाईट स्वप्न पडले असेल. एकाने उचलले की तीसही जण धनुष्ये खुंटीला टांगून दुसऱ्या कामाला लागत. इरपाने ही रीत लहानपणापासून पाहिली होती, आणि म्हणूनच तिच्याकडे कधी पाहिले नव्हते.

इरपाला एक मुलगी होती. चार वर्षांची असताना तिला ताप आला. पावसाळ्याचे दिवस होते आणि दवाखाना अकरा कोसांवर, नदीपलीकडे. खाटेला बांबू बांधून चौघांनी तिला नदीपर्यंत नेले. नदी दुथडी भरून वाहत होती. पाणी उतरण्याची वाट पाहत इरपा आणि त्याची बायको कुम्मे दोन दिवस काठावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी पाणी उतरले, पण तोवर पलीकडे जाण्याचे कारण उरले नव्हते. त्यानंतर इरपाच्या बोलण्यात 'दवाखाना' हा शब्द आला की तो क्षणभर अडखळत असे. गावाला ते ठाऊक होते आणि कोणी त्यावर बोलत नसे.

मग कंपनीची माणसे आली. गावाच्या उशाशी जो तांबडा डोंगर होता, तो लोखंडाचा निघाला. इतर ठिकाणी कंपन्या कशा वागल्या होत्या, हे गावाने ऐकले होते. त्यामुळे सुरुवातीला कोणी त्यांना बसायलाही सांगितले नाही. पण त्यांच्यातले मोठे साहेब वेगळे होते. त्यांनी बूट बाहेर काढले, जमिनीवर बसले, समोर आलेली अंबील संपवली, आणि म्हणाले, "आम्ही डोंगर विकत मागायला आलो नाही. तुम्ही भागीदार व्हा. खाण जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं तुमचा वाटा. काय काय हवं ते तुम्ही सांगा, आपण बसून लिहू."

वाटा हा शब्द ऐकताच सगळ्यांच्या माना इरपाकडे वळल्या. वाटणीचे काम होते, आणि तादोचे हात आता थरथरत.

त्या हिवाळ्यात सात बैठका झाल्या. इरपा प्रत्येक बैठकीला आदल्या रात्री अभ्यास करून जात असे आणि एकेक मुद्दा असा लढवी की साहेबांबरोबर आलेले लोक घाम पुसत. पहिली गाडी डोंगरावरून खाली उतरण्याआधी दवाखाना उभा राहिला पाहिजे, आणि परिचारिका गावातच राहिली पाहिजे. शाळेला पक्की इमारत. कामावर निम्मी माणसे गावची. आणि गरोदर बाईच्या घराला वार्षिक वाट्यात दोन हिस्से. हे शेवटचे कलम ऐकून साहेब हसले.

"इरपाभाऊ, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या. आमची माणसं तुमच्यासमोर कच्ची पडतात."

"मी एक नोकरी आधीच करतोय, साहेब," इरपा म्हणाला, "ती बिनपगारी आहे, पण सोडता येत नाही."

गावात टोमणे मारणारेही होते. बुद्री नावाची एक म्हातारी होती, तिच्या जिभेला सगळे घाबरत. ती एकदा वाटेत इरपाला म्हणाली, "काय रे, डोंगर विकतोस की वाटतोस?"

"वाटतोय, काकी."

"डोंगराला विचारलंस?"

"डोंगर बोलतो का?"

"तुझी कुम्मेही बोलत नाही फारसं. म्हणून तिला न विचारता घरातलं मडकं कोणाला देशील का?"

भोवतीच्या बायका खो खो हसल्या. इरपाही हसला आणि पुढे गेला. त्याला घाई होती. साहेबांनी दवाखान्याची जागा पाहायला बोलावले होते.

कराराचा मसुदा तयार झाला तेव्हा तो चाळीस पानांचा होता. इरपा तो घेऊन तादोकडे गेला. तादो अंगणात बांबू तासत बसला होता. इरपाने त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे वाचून दाखवले, जिथे शब्द अवघड होता तिथे त्याचा अर्थ सांगितला. दुपार उलटली. तादोने मध्ये एकदाही तोंड उघडले नाही.

"झालं?" शेवटी त्याने विचारले.

"झालं. कुठं चुकलं का?"

तादो बराच वेळ हातातल्या कांबीकडे पाहत राहिला. जणू विचारायचे काही होते आणि त्याला शब्द सापडत नव्हता. मग म्हणाला, "वाटणीत नाही चुकलं. माझ्यापेक्षा चांगली केलीस."

इरपाने ही शाबासकी मानली. ती शाबासकीच होती.

करार झाला तो दिवस सगळ्यांच्या लक्षात राहिला. सकाळी मांडवात सह्या आणि अंगठे झाले. इरपाने सही केली, अगदी सावकाश, एकेक अक्षर सुटे लिहून. डोंगराच्या वरच्या बाजूला रस्ता कापायचे यंत्र पहाटेच चढवले होते. त्याची घरघर गावापर्यंत ऐकू येत होती. कंपनीने बारा बकरे आणले होते. साहेबांची इच्छा होती की जेवणाची वाटणी तादोने करावी, गावच्या रीतीने. हा सन्मान मनापासून दिलेला होता.

तादो मोहाखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पानं आणा."

वाढायला पाने लागणारच, म्हणून कोणाला नवल वाटले नाही. प्रत्येक घरातून एकेक पान आले. तादोने ती गोलाकार ठेवून घेतली, प्रत्येकावर एक खडा. मग साहेबांना म्हणाला, "तुमचंही एक ठेवा." साहेबांनी हसत एक पान ठेवले. कोणीतरी फोटो काढला. बत्तीस पाने झाली.

मग तादो खाली वाकला, आपल्या घराचे पान उचलले, त्याची घडी केली आणि कमरेला खोचली.

मांडवातला आवाज एकदम थांबला. बायकांनी तोंडावर हात ठेवले. दोघे-तिघे म्हातारे सवयीने उठून घरी जायलाही निघाले, कारण पान उचलले की उठून जायचे, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. तादो मात्र जागचा हलला नाही. मान थोडी कलती करून तो डोंगराकडे कान देऊन उभा राहिला. एखाद्याला हाक मारून उत्तराची वाट पाहावी, तसा. वर यंत्राची घरघर चालूच होती.

साहेबांनी इरपाकडे झुकून विचारले, "आजोबा काय करतायत?"

इरपाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "रीत आहे, साहेब. जुनी."

"वा, छान. मग आता पुढे?"

पुढे काय, हे इरपालाही माहीत नव्हते. तादोने पुरेसा वेळ ऐकून घेतले. मग कमरेची सुरी काढून त्याने इरपाच्या हातात ठेवली, आणि सावकाश चालत, जिथे साहेब आणि त्यांचे अभियंते यांच्यासाठी चटई अंथरली होती तिथे जाऊन तिच्या टोकाला मांडी घालून बसला. ती पाहुण्यांची चटई होती. त्या गावात पाहुण्यांना आधी वाढत.

"वाढा," तादो म्हणाला. "भूक लागलीय."

ज्या माणसाने पन्नास वर्षे सर्वांच्या मागून घास घेतला, तो त्या दिवशी सर्वांच्या आधी जेवला. खाली मान घालून, नीट चावून, पोटभर. जेवण झाल्यावर त्याने साहेबांना हात जोडले आणि पाहुणे जेवून उठताना म्हणतात ते म्हटले, "तुमच्या चुलीला लाकूड कमी न पडो." साहेबांना गहिवरून आले. त्यांनीही हात जोडले.

गावात मात्र कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणाले, म्हातारचळ लागला. कोणी म्हणाले, शिष्याला मान मिळाला तो सोसला नाही. इरपाने एकट्याने वाटणी पुरी केली. एकही तुकडा चुकला नाही. शेवटी त्याच्या स्वतःच्या वाट्याला एक बरगडी आली. ती त्याने खाल्ली नाही.

त्यानंतर दर वर्षी वाट्याचा दिवस येई. मांडव पडे, साहेब येत, घराघराला वाटा मिळे, जेवण होई. आणि दर वर्षी तादो येऊन पाहुण्यांच्या चटईवर बसे. पोरेसोरे थट्टा करीत, "तादो, कुठल्या गावचे पाहुणे?"

"याच," तो म्हणे.

सगळे हसत. इरपाला मात्र हे झोंबे. चौदा वर्षांची विद्या ज्याने दिली, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या कामाची अशी चेष्टा करावी, हे त्याला सोसवेना. त्याने तादोच्या अंगणात जाणे सोडले. वाटेत भेट झाली तर रामराम होई, तेवढाच.

आणि ही गोष्ट सांगताना एक गोष्ट वगळता येत नाही. कंपनीने शब्द पाळला. दवाखाना खरोखर पहिल्या गाडीच्या आधी उभा राहिला. तिसऱ्या वर्षी इरपाच्या, थोरली गेल्यावर झालेल्या, धाकट्या मुलीला तसाच ताप आला, तशाच पावसात. कुम्मेने तिला कडेवर घेतले आणि मोहापासून पन्नास पावलांवर असलेल्या पांढऱ्या इमारतीत नेले. परिचारिकेने रातोरात सुई लावली. चौथ्या दिवशी मुलगी अंगणात कोंबडीमागे धावत होती. कुम्मे त्या दिवशी दारात बसून खूप रडली. कोणासाठी, हे इरपाने विचारले नाही. शाळा उभी राहिली. गरोदर बाईच्या घराला दोन हिस्से दर वर्षी बिनचूक मिळाले. इरपाची वाटणी कुठे कमी पडली, असे कोणाला म्हणता आले नसते.

सहाव्या वर्षी खोदकाम डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला सरकले. त्या अंगाला एक झरा होता. गावाचा ओढा त्याच झऱ्यापासून निघे. आधी बायकांच्या लक्षात आले की घागरीच्या तळाशी तांबडा गाळ बसतो. मग पाण्याची धार बारीक झाली. मग ओढ्यातले मासे दिसेनासे झाले. एकतीस घरे मोहाखाली जमली. कोणी खाण बंद करा म्हटले नाही. घराघरात खाणीवर काम करणारे होते. सगळ्यांचे म्हणणे एकच होते की पूर्वेचे तेवढे अंग सोडा. बुद्रीने टोमणा मारला नाही. ती नुसती म्हणाली, "इरपा, तू बोलून ये. तुझं ते ऐकतात."

इरपा कराराची प्रत घेऊन कचेरीत गेला. साहेब तेच होते, केस आता पांढरे झाले होते. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, सगळे शांतपणे ऐकले. नकाशा उलगडून झरा कुठे आहे ते बोटाने दाखवायला लावले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला.

"इरपाभाऊ, पाणी आम्ही देऊ. टाकी बांधू, प्रत्येक घराला नळ. यंदाचा वाटाही वाढवून घेऊ, मी स्वतः वर लिहितो."

"वाटा वाढवायचा नाही, साहेब. थांबायचंय. एवढं एक अंग."

"ते माझ्या हातात नाही."

"मग एक उन्हाळा तरी थांबा. झरा सावरतो का बघू."

साहेबांनी टेबलावरचा करार त्याच्याकडे सरकवला. "थांबवायचं कुठे लिहिलंय ते दाखवा. दाखवलंत तर मी आज फोन करतो. खरं सांगतो, मला बरं वाटेल."

इरपाला तो करार पाठ होता. तरीही त्याने तिथे बसून चाळीसही पाने उलटली, मग पुन्हा एकदा उलटली. कोणाला काय मिळेल, केव्हा मिळेल, किती मिळेल, उशीर झाला तर काय, कमी पडले तर काय. प्रत्येक ओळ त्याने लढून मिळवलेली होती. चहावर साय धरली.

साहेब हळूच म्हणाले, "तुम्ही मागितलंच नव्हतं. मागितलं असतंत तर मी भांडलो असतो, कदाचित नाहीही म्हटलं असतं. पण सात बैठकांत तुम्ही ते एकदाही मागितलं नाहीत. मला तेव्हाच नवल वाटलं होतं."

इरपा तिथून निघाला तो घरी गेला नाही. सहा वर्षांनी प्रथमच तो तादोच्या अंगणात शिरला. तादो आता फार थकला होता. भिंतीला टेकून उन्हात बसला होता. इरपा त्याच्या पायांशी बसला आणि कचेरीत झालेले सगळे जसेच्या तसे सांगितले. मग म्हणाला, "तू त्या दिवशी पान का उचललंस? मला अडवायला?"

"नाही रे. सह्या तर सकाळीच झाल्या होत्या," तादो म्हणाला. "तू मला ती चाळीस पानं वाचून दाखवलीस ना, तेव्हापासून मनात काहीतरी सलत होतं. काय, ते कळत नव्हतं. शब्द नव्हता माझ्याकडे. म्हणून म्हटलं, नेहमी जे करतो ते करून बघू. पान ठेवलं, उचललं, आणि ऐकत उभा राहिलो. वरचं यंत्र थांबलं नाही. तेव्हा कळलं."

"काय कळलं?"

"आपण 'नको' म्हटल्यावर जे थांबतं, त्यातच आपला वाटा असतो. बाकी मिळतं तो पाहुणचार. पाहुणचार वाईट नसतो, इरपा. पोट भरतं. मी सहा वर्षं जेवलो, अन्नाला नावं ठेवली नाहीत. पण पाहुण्याला यजमानाच्या चुलीतलं लाकूड मागं ओढता येत नाही. म्हणून मी जिथं आपली जागा होती तिथं जाऊन बसलो. चेष्टा नव्हती ती."

इरपाने कराराची प्रत खाली ठेवली. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस? चौदा वर्षं शिकवलंस, आणि हेच नाही शिकवलंस?"

तादोने डोळे मिटले. "हेच तर. चूक माझी आहे. पानं बायका ठेवायच्या, पाण्याला जाता-येता. त्यात काय शिकवायचं, असं मला वाटायचं. श्वास कसा घ्यावा हे कोण शिकवतं? तुला सुरी धरायला शिकवली, मांडी कशी सोडवायची ते शिकवलं. पण एकाही संध्याकाळी तुला मोहाखाली नेऊन बसवलं नाही. तू कंपनीकडून तेच मागून आणलंस जे मी तुला दिलं होतं. जे दिलं नव्हतं ते कुठून मागणार?"

थोड्या वेळाने तो म्हणाला, "नंतर सांगणार होतो. तिसऱ्या वर्षी मनाशी ठरवलंही होतं. पण त्याच पावसात तुझी धाकटी त्या दवाखान्यात वाचली. म्हटलं, आता कसं सांगू. राहू दे."

इरपाने तादोच्या पावलांवर डोके टेकले, आणि बराच वेळ उचलले नाही.

त्या चैत्रात तादो गेला. त्या गावात कोणी गेले की त्याच्या नावाने डोंगरातला एक दगड आणून गावाबाहेर उभा करत. दगड शिष्याने किंवा मुलाने निवडायचा आणि सहा जणांनी खांद्यावरून आणायचा, वाटेत खाली न टेकवता. पण डोंगराला आता कुंपण होते आणि फाटक होते. इरपाने अर्ज लिहिला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तो वाचून विचारले, "किती दगड?"

"एक."

अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. साहेबांनी स्वतः लक्ष घातले. दुसऱ्या दिवशी दगड कंपनीच्या ट्रकमधून आला. मागितला होता त्याहून मोठा, छान तासलेला. यंत्राने तो अलगद उतरवून उभा करून दिला. साहेब अनवाणी उभे राहिले आणि त्यांनी फूल वाहिले. लोक म्हणाले, माणूस दिलदार आहे. आणि ते खरेच होते. ज्यांनी दगड खांद्यावरून आणायचा, ते सहा जण ट्रकच्या मागून फाटकापासून गावापर्यंत रिकाम्या खांद्यांनी चालत आले. आपले हात कुठे ठेवावेत, हे त्यांना कळत नव्हते. इरपा त्यांच्यात पहिला होता.

दिवसकार्याला डोंगरापलीकडच्या एका गावातून दोघे जण आले होते. जेवणे झाल्यावर ते इरपाला बाजूला घेऊन बसले. एकाने पिशवीतून जाड कागद काढले. त्यांच्याकडेही कंपनी आली होती, दुसरी. मसुदा तयार होता.

"दादा, तुमच्या गावाला जे मिळालं तेवढं आम्हालाही मिळवून द्या," तो म्हणाला. "तुमच्यासारखा वाटणी करणारा आमच्यात कोणी नाही. सही याच आठवड्यात करायचीय."

इरपाने कागद मांडीवर घेतले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. घाई केली नाही. मग विचारले, "तुम्ही नको म्हटल्यावर काम थांबेल, असं यात कुठं आहे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. धाकटा म्हणाला, "ते कशाला? आम्ही नको म्हणणारच नाही. आमच्याकडे दवाखाना नाही, दादा. माझी बायको गेल्या वर्षी बाळंतपणात वाटेतच गेली."

इरपाने त्या माणसाच्या हातावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"दवाखाना हवाच," तो म्हणाला. "मलाही हवा होता, आणि मिळालाही. तो मी तुम्हाला मिळवून देतो. शाळा, वाटा, सगळं देतो, त्या कामात मी पक्का आहे. पण आधी हे एक लिहून घ्या. तुमच्या सगळ्या घरांतून एकानं थांबा म्हटलं तर काम थांबलं पाहिजे. आधी हे. मग बाकीचं."

"आणि कंपनी याला नाही म्हणाली तर?"

"तर तुम्ही भागीदार आहात की पाहुणे, ते तुम्हाला सही करण्याआधी कळेल," इरपा म्हणाला. "मला सहा वर्षं लागली."

थोरल्याने कागद पुन्हा घडी करून पिशवीत घातले.

"परवा आमच्याकडे येता का?" त्याने विचारले. "बायकांनाही बसवतो बैठकीला."

"त्यांना आधी बसवा," इरपा म्हणाला. "मी येतो."